आयात फळ घ्यावं की इथलं? गराच्या भावाने हिशेब करा

ठाण्यात जांभळी नाक्यावर घ्या किंवा वाशीत, फळवाल्याच्या पाटीवरचा भाव सालीसकट, बियांसकट असतो. घरात खाल्ला जातो तो गर. त्यामुळे आयात सफरचंद, किवी किंवा माल्टा संत्रं यांची आपल्या संत्र्या-पेरूशी तुलना करायची तर आधी गराचा भाव काढायला हवा.

स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. फळ अख्खं तोला, सोला, मग साल, बिया, कोय आणि खराब भाग एकत्र करून तोला. उरलेलं वजन म्हणजे गर. मोजलेल्या पैशांना गराच्या किलोने भागा. एकदा तोलून फळागणिक टक्केवारी वहीत लिहून ठेवली की पुन्हा तोलावं लागत नाही. ढोबळमानाने सफरचंदात ९० टक्के खाण्याजोगं निघतं, पेरूत जवळजवळ सगळंच, संत्र्यात ७० टक्के, केळ्यात ६५, हापूसमध्ये ६० ते ७०, आणि सीताफळात जेमतेम ४०. फळ लहान असेल तर सालीचा वाटा वाढतो, म्हणून बारीक संत्री स्वस्त दिसली तरी तोलून बघा.

आता समजा नागपुरी संत्री ८० रुपये किलो आहेत. ८० भागिले ०.७, म्हणजे गर ११४ रुपये किलो पडला. माल्टा १६० ने असेल आणि त्यातूनही ७० टक्केच निघत असेल, तर गर २२९ ला. इथे इथलं फळ सरळ जिंकतं. पण सीताफळ १२० रुपये किलो असेल तर गर ३०० ला जातो, आणि २२० रुपयांचं आयात सफरचंद २४४ मध्ये बसतं. सासवडचं सीताफळ चवीसाठी जरूर घ्यावं, पण ते स्वस्त म्हणून घेतलं तर हिशेब चुकतो.

नगावर विकलं जाणारं फळ सगळ्यात जास्त फसवतं. किवीच्या तीन नगांच्या डब्याला १२० रुपये मोजले आणि एक किवी ९० ग्रॅमची निघाली, तर २७० ग्रॅमचे १२० रुपये, म्हणजे किलोला ४४४. साल काढल्यावर ५०० च्या पुढे. क जीवनसत्त्वासाठी किवी आणत असाल तर हेही लक्षात घ्या: १०० ग्रॅम किवीत ते साधारण ९० मिलिग्रॅम असतं, पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त. थंडीतला ८० रुपये किलोचा पेरू समोर असताना त्या कारणाने किवी घेण्यात काहीच अर्थ नाही. हापूसही असाच नगावर विकला जातो. डझन ९०० ला आणि फळ २२५ ग्रॅमचं असेल तर डझन २.७ किलोचं, म्हणजे किलो ३३३ आणि ६५ टक्क्यांनी गर सुमारे ५१०. पेटीत जितके जास्त डझन, तितकं फळ लहान. म्हणून 'पेटी केवढ्याला' विचारण्याआधी 'पेटी किती डझनी' हे विचारा.

यापुढे सगळं मोसमावर आहे. द्राक्षं जानेवारी ते एप्रिल नाशिक-सांगलीची. त्या काळात आयात द्राक्षांकडे वळायची गरज नाही. संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळी फुलोऱ्याचं पीक) ऑक्टोबरपासून, मृग बहार (पावसाळी फुलोऱ्याचं) फेब्रुवारी-मार्चमध्ये. हिमाचलचं सफरचंद जुलैपासून आणि काश्मीरचं सप्टेंबरपासून येतं. तेव्हा आयात सफरचंद घेणं टाळा. उन्हाळ्यात मात्र देशी सफरचंद शीतगृहातलं जुनं असतं, आणि न्यूझीलंड-चिलीकडचा नवा माल त्याच सुमारास उतरतो. तेव्हा थोडे जास्त पैसे गेले तरी आयात घेणं शहाणपणाचं. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात मलावीचा हापूस दिसतो. तो विमानाने येतो, म्हणून महाग. कोकणातल्या आंब्याशी त्याची गाठ घालू नका, अवेळी हौस म्हणून घ्या.

आयात सफरचंद एका मर्यादेखाली का उतरत नाही, याचं कारण कागदावरच आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने किलोमागे ५० रुपयांपेक्षा कमी किमतीत बंदरावर पोचणाऱ्या सफरचंदाच्या आयातीवर बंदी घातली, भूतान वगळून. तेव्हाचं ५० टक्के शुल्क धरलं तर बंदरातच ७५ रुपये झाले. त्यावर साठवण, आडत (दलाली), वाहतूक आणि किरकोळ विक्रेत्याची घट. म्हणूनच कुणी अगदी पडेल भावात 'इम्पोर्टेड' देत असेल तर खोकं दाखवायला सांगा. मेण लावून चकचकीत केलेलं देशी सफरचंद स्टिकर चिकटवून विकलं जातं. स्टिकरवरचा चार अंकी आकडा फळाचा प्रकार सांगतो, देश नाही. ९ ने सुरू होणारा पाच अंकी आकडा सेंद्रिय मालाचा. देशाचं नाव आणि आयातदाराचा पत्ता खोक्यावर असतो, तोच वाचा.

वाशीच्या घाऊक बाजारातून आणायचं तर एकट्याने जाऊ नका. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला उतरता येतं, पण येताना रिक्षा किंवा टेम्पो लागतोच. समजा १८ किलोचं खोकं २,७०० ला मिळालं, म्हणजे १५० चा भाव. हमाली आणि भाडं २५०. एखादा किलो डागी निघाला तर २,९५० भागिले १७, म्हणजे १७४ रुपये. सोसायटीखाली तेच २०० ला असेल तर किलोमागे २६ वाचले. १८५ ला असेल तर जेमतेम ११ वाचतात, एवढ्यासाठी जाण्यात अर्थ नाही. चार-पाच घरांत वाटून घ्या, कारण शीतगृहातून बाहेर आलेलं सफरचंद मुंबईच्या उकाड्यात आठवड्यात भुसभुशीत होतं. फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ठेवलंत तर पिकायच्या केळ्यांजवळ नको: सफरचंदातून निघणाऱ्या वायूने केळी झपाट्याने पिकतात. कच्चा हापूस आणि केळी फ्रिजमध्ये घालू नका. थंडीने केळी काळी पडतात आणि आंबा नीट पिकत नाही.

गाळ्यावर खोकं वरच्या थरावरून घेऊ नका, खालचा थर उघडून दाखवायला सांगा. द्राक्षांचा देठ हिरवा हवा, तपकिरी असेल तर माल शिळा. हापूसच्या पेटीतलं एक फळ तिथेच कापून बघा. बाहेरून सुरेख दिसणाऱ्या आंब्यात साका असू शकतो, आणि ती पांढरट, आंबूस गाठ कापल्याशिवाय कळत नाही. साका निघालेल्या पेटीत गराचा आकडा ६५ वरून बराच खाली येऊ शकतो, तेव्हा भाव त्याप्रमाणे बोला.