फुलाचे भाग आणि वनस्पतींचे प्रजनन: जास्वंदीच्या जोडीला भेंडी आणि डाळिंब

फुलाचे भाग शिकवताना बहुतेक वर्गांत जास्वंद आणली जाते, आणि ते योग्यच आहे; फूल मोठे असते, सहज मिळते आणि पुमंग (नर भाग) व जायांग (मादी भाग) नुसत्या डोळ्यांनी दिसतात. अडचण पुढच्या तासाला येते. बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरते, त्यामुळे अंडाशयाचे फळ आणि बीजांडाचे बी होते, हे विद्यार्थ्यांना न पाहताच पाठ करावे लागते. म्हणून सोलापूर परिसरातील शिक्षकांनी जास्वंदीच्या कुळातलीच भेंडी आणि आपल्या जिल्ह्यातले डाळिंब या पाठासाठी अवश्य वापरावे.

भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते, म्हणून हा तास सकाळच्या सत्रात घ्यावा. दोन विद्यार्थ्यांत एक फूल, एक भिंग, एक टाचणी आणि पांढरा कागद पुरेसा आहे. भाग बाहेरून आत याच क्रमाने सुटे करावेत. निदलपुंजाच्या (पाकळ्यांबाहेरच्या आवरणाच्या) बाहेर अरुंद हिरव्या पट्ट्यांसारखे जे अवयव असतात त्यांनाच मुले निदले समजतात. खरा निदलपुंज त्यांच्या आत जुळलेला असतो आणि फूल उमलताना एका बाजूने फाटतो, हे आधीच दाखवावे. पाच पिवळ्या पाकळ्या काढल्यावर पुंकेसरांचे (पराग तयार करणाऱ्या अवयवांचे) तंतू एकत्र जुळून झालेली नळी दिसते. ती टाचणीने उभी चिरली की आतून वर गेलेला कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयावरचा दांडा, हाती लागतो. त्याच्या टोकाला गडद तांबडे कुक्षीचे (पराग स्वीकारणाऱ्या भागाचे) गोंडे असतात; ते भिंगातून मोजून वहीत लिहायला सांगावेत. त्यानंतर त्याच झाडाची कोवळी भेंडी आडवी कापून तिचे कप्पे मोजावेत. गोंडे आणि कप्पे यांची संख्या साधारणपणे जुळते, आणि ही जुळणी विद्यार्थ्याने स्वतः शोधू द्यावी. शिक्षकाने आधी सांगितली तर तिचे मोल निघून जाते. ब्लेड मात्र शिक्षकांच्याच हाती असावे.

डाळिंबासाठी आंबे बहाराची (डाळिंबाच्या एका फुलोरा-हंगामाची) फुले लागतात तो संक्रांतीनंतरचा काळ सोयीचा आहे. शेतकरी ज्यांना नर कळी आणि मादी कळी म्हणतात, ती दोन्ही फुले शेजारी ठेवावीत. ‘नर’ फुलाचा देठाकडचा भाग निमुळता असतो. उभा छेद घेतल्यास आतला अंडाशय खुरटलेला आणि कुक्षीवृंत आखूड दिसतो. दुसऱ्या फुलाचा तळ फुगीर असतो, आत बीजांडे भरलेली असतात आणि पुंकेसरही असतात, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या ते उभयलिंगी आहे. हा फरक मुलांना समजावून सांगावा. नर फुले फळ न धरता गळतात, त्यामुळे बागेत खाली पडलेली फुले मागितल्यास शेतकऱ्याचे नुकसान होत नाही. बागेत शेवटची फवारणी कधी झाली हे आधी विचारावे आणि तासानंतर हात धुवायला लावावेत.

मग पिकलेले डाळिंब घ्यावे. फळावरचा मुकुट म्हणजे टिकून राहिलेला निदलपुंज. त्याच्या आत वाळलेले पुंकेसर अजूनही दिसतात, ते चिमट्याने काढून कागदावर मांडावेत. फळ फुलापासूनच तयार होते याचा इतका उघड पुरावा दुसऱ्या फळात सहसा मिळत नाही. आतला प्रत्येक दाणा हे एक बी असून त्याचा रसाळ लाल भाग बीजावरणाचाच असतो. एका बीजांडाच्या फलनासाठी एक परागनलिका (परागकणातून निघणारी बारीक नळी) त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते, हे सांगून दाणे मोजायला दिले की परागणात मधमाशांचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येते.

शाळेच्या परसबागेत भोपळा असेल तर परागणाशिवाय फळ धरते का हे पाहण्यासाठी दोन मादी कळ्यांवर आदल्या संध्याकाळी मलमलच्या पिशव्या बांधाव्यात. सकाळी एकीला नर फुलाचे पराग लावून पिशवी पुन्हा बांधावी, दुसरी तशीच बंद ठेवावी आणि आठवडाभर दोन्हींची नोंद घ्यावी.

दहावीच्या वर्गासाठी सूक्ष्मदर्शक उपलब्ध असल्यास सदाफुलीचे किंवा तेरड्याचे परागकण 10 टक्के साखरेच्या द्रावणात ठेवून 15 ते 30 मिनिटांनी पाहावेत. काही कणांतून परागनलिका निघालेली दिसते. फुले गोळा करायला मुलांना पाठवताना धोतरा आणि कण्हेर विषारी आहेत व रुईचा चीक डोळ्यांना घातक आहे, हे स्पष्ट सांगून ही तिन्ही झाडे यादीतून वगळावीत.