कवटीवरून चेहरा घडवताना या चुका टाळा

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टरमधील एका वाहनतळाखाली सापडला आणि डंडी विद्यापीठाच्या कॅरोलाइन विल्किन्सन यांच्या गटाने कवटीच्या स्कॅनवरून त्याचा चेहरा घडवला. त्या चेहऱ्याला गडद केस आणि गडद डोळे दिले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार मात्र त्याचे डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के आणि केस, निदान बालपणी, सोनेरी असण्याची शक्यता ७७ टक्के निघाली. हाडावरून रंग कळत नाही. त्यामुळे डीएनए हाती नसेल, तर चेहऱ्याची एक प्रत करड्या छटेत, केसांविना ठेवावी.

स्कॅनवरून बनवलेले कवटीचे त्रिमितीय प्रारूप संगणकावर उघडताच ती डोंगराएवढी किंवा मोहरीएवढी दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. त्रिमितीय आकार साठवणाऱ्या एसटीएल फाइलीत मोजमापाचे एकक नोंदलेले नसते, म्हणून मिलिमीटरचे आकडे मीटर समजले जातात. खरी भीती थोड्याशा चुकलेल्या प्रमाणाची, कारण ती डोळ्यांना जाणवत नाही. प्रत्यक्ष कवटीवर घेतलेले एखादे माप प्रारूपाशी ताडून पाहावे. स्कॅनमधील खरखर घालवण्यासाठी पृष्ठभाग वाजवीपेक्षा गुळगुळीत केल्यास नाकाच्या तळाशी असलेला हाडाचा काटाही झिजतो, आणि नाक किती पुढे येईल याचा अंदाज त्यावरच बांधलेला असतो.

जबडा बसवताना दातांना दात भिडवून सांधा पूर्ण मिटवू नये. सांध्यातील कूर्चेची जागा सोडली नाही, तर चेहरा आखूड होतो.

सर्वाधिक घोळ मऊ ऊतींच्या, म्हणजे हाडावरील स्नायू, चरबी आणि त्वचा यांच्या जाडीत होतो. सरासरीचे तक्ते वय, लिंग आणि लोकसमूह पाहून निवडावेत, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण ती मापे कशी घेतली, हे क्वचितच विचारले जाते. सीटी स्कॅन उताण्या माणसाचा होतो आणि त्या स्थितीत गाल कानांकडे ओघळतात, त्यामुळे ती मापे उभ्या चेहऱ्यावर जशीच्या तशी लावल्यास गालांचा आकार बिघडतो. शिवाय सरासरी म्हणजे त्या व्यक्तीचे माप नव्हे. ती किती लठ्ठ होती, हे कवटी सांगत नाही.

त्या व्यक्तीचे समकालीन म्हणवले जाणारे चित्र चेहऱ्याचा आकार पूर्ण होईपर्यंत झाकून ठेवावे. रिचर्डची आज उपलब्ध असलेली रंगीत व्यक्तिचित्रे त्याच्या मृत्यूनंतर रंगवलेली आहेत. त्यांच्याशी चेहरा जुळला, तरी त्यामुळे पुनर्रचना अचूक ठरत नाही.