मार्चमध्ये सायकल बाहेर काढताय? टोरांटोकरांनो, या चुका टाळा

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, संध्याकाळी सव्वासातपर्यंत उजेड राहायला लागतो आणि त्यात एखाद्या दुपारी पारा १२ वर गेला की टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, जिकडेतिकडे गॅरेजमधून सायकली बाहेर येतात. यायलाच पाहिजेत हो, चार महिने घरात बसून अंग नुसतं आंबून गेलेलं असतं. पण मंडळी, मला विचाराल तर हा काळ जानेवारीपेक्षा फसवा आहे. जानेवारीत सगळं गोठलेलं असतं, काय ते एकदाच कळतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळं तळ्यात-मळ्यात, दुपारी वितळतं, रात्री परत गोठतं, सकाळी शून्य तर संध्याकाळी १० आणि परवा कदाचित परत बर्फ. २०१८ ला एप्रिलच्या मध्यावर इथे आईस स्टॉर्म आलं होतं, आठवत असेल बऱ्याच जणांना. आपण काय करतो, दुपारचं ऊन बघतो आणि त्या हिशोबाने सकाळी ७ ला निघतो. खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका इथूनच सुरू होतात.

हवा भरली की झाली तयारी, असं समजू नका

चार महिने उभ्या असलेल्या सायकलच्या ट्यूबमधली हवा कमी होणारच, ती काही पंक्चर नसते. हवा भरा आणि रात्रभर ठेवून द्या, सकाळी जशीच्या तशी असली म्हणजे ट्यूब चांगली. मग टायर बोटांनी दाबून बाजूच्या भिंतीला चिरा गेल्यात का बघा, आणि रबरात रुतून बसलेले काचेचे, खडीचे कण टोकदार वस्तूने उकरून काढा, कारण हेच कण आठवडाभरात आत घुसतात.

आता प्रेशरचं. घरात २० डिग्रीला ६० पीएसआय भरलं आणि बाहेर शून्य असेल तर टायरमध्ये साधारण ५५ च राहतं, हे साधं फिजिक्स आहे. पण घाबरून जास्तीची हवा ठासू नका, ओल्या आणि खडबडीत रस्त्यावर थोडं कमी प्रेशरच बरं, पकड चांगली मिळते. टायरच्या बाजूला किमान-कमाल छापलेलं असतं, त्याच्या आत राहून उन्हाळ्यापेक्षा ५ पीएसआय कमी ठेवलं तरी चालतं. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रव, हिवाळ्याभरात वाळून गेलेलं असण्याची शक्यता भरपूर, चाक कानाजवळ धरून हलवा, आत डुचमळल्याचा आवाज नाही आला तर नवीन टाका.

आणि ज्यांनी हिवाळाभर घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवली त्यांच्यासाठी खास. मागच्या चाकाला ट्रेनरचा टायर लावला असेल तर तो काढल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. तो टायर रोलरवर घासून झिजू नये म्हणून कडक रबराचा केलेला असतो, ओल्या डांबरावर त्याला पकडच नसते.

मीठ

हा या शहराचा खरा शत्रू. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ मार्चमध्ये कुठे जात नाही, बर्फ वितळतो आणि खारं पाणी सगळीकडे वाहतं, वाळतं, पांढरी भुकटी होऊन उडतं. ते चेनवर बसतं, ब्रेकमध्ये जातं, स्क्रूच्या डोक्यात साठतं. मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं त्यामुळे सायकल गॅरेजमध्ये नुसती उभी असली तरी गंज चढतच राहतो, आणि गॅरेज गरम असेल तर जास्तच जोरात. त्यामुळे "रविवारी धुतो" हे या दोन महिन्यांत चालत नाही. ओल्या रस्त्यावरून आलात की निदान चेन, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आणि ब्रेकवरून ओला फडका फिरवा आणि मग कोरडा फडका.

नीट धुवायची असेल तर बादलीत कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि एक जुना ब्रश, बास झालं. पेट्रोल पंपावरच्या कार वॉशमध्ये नेऊन प्रेशरने पाणी मारू नका, प्लीज. त्या प्रेशरने पाणी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, आणि पॅडलच्या बेअरिंगमध्ये घुसतं, आतलं ग्रीस धुऊन निघतं, आणि मग एक-दोन महिन्यांनी कर्रकर्र आवाज यायला लागला की आपण विचार करत बसतो की हे कशाने झालं.

धुऊन झाल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण ओली सायकल तशीच उणे ५ मध्ये बाहेर नेली तर गिअरच्या आणि ब्रेकच्या केबलच्या नळीत राहिलेलं पाणी गोठतं आणि गिअर अडकून बसतात, कधीकधी ब्रेक दाबला तर सुटतच नाही.

मग ऑइल. डब्ल्यूडी ४० ची निळी-पिवळी बाटली प्रत्येक घरात असते आणि प्रत्येक जण तीच चेनवर मारतो. ती गंज सोडवायला, ओल काढायला ठीक आहे पण चेनचं वंगण म्हणून ती टिकत नाही, एका ओल्या फेरीत संपते. आणि स्प्रे उडून डिस्क ब्रेकच्या चकतीवर गेला तर ब्रेकची वाट लागते ती वेगळीच. दुकानातून चेनचं वेट ल्यूब, म्हणजे ओल्या रस्त्यासाठीचं ऑइल, आणा. पॅडल उलटं फिरवत चेनच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडा, पाच-दहा मिनिटं थांबा, आणि मग बाहेरचं सगळं ऑइल फडक्याने पुसून काढा. हे पुसायचंच राहतं लोकांचं. ऑइल रोलरच्या आत पाहिजे, बाहेर राहिलं तर त्याला वाळू आणि मीठ चिकटतं आणि त्याचीच पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते.

चेन किती झिजली हे बघायला साधी १२ इंचाची पट्टी पुरते. चेन ताणून धरा, एका पिनच्या बरोबर मध्यावर शून्य ठेवा आणि तिथून पुढे २४ पिना मोजा. नवीन चेन असेल तर चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर येते. ती इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग पुढे गेली असेल तर बहुतेक मागची दातेरी चक्रं म्हणजे कॅसेटसुद्धा गेली, आता नवीन चेन एकटी बसवली तर ती घसरत राहणार. हे मार्चच्या सुरुवातीलाच बघा. एप्रिलमध्ये पहिला गरम वीकेंड आला की सगळं शहर एकदम दुकानात जातं आणि साध्या ट्यूनअपलासुद्धा थांबावं लागतं.

अजून एक, सीटपोस्ट (सीटखालची दांडी) एकदा पूर्ण बाहेर काढून पुसून ग्रीस लावून परत बसवा. खारं पाणी फ्रेमच्या नळीत उतरतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये असा काही जाम होतो की नंतर कापून काढावा लागतो. कार्बनचा असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट लावायची.

कोरडा रस्ता दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका

रात्री शून्याखाली गेलं असेल तर सकाळी ब्लॅक आईस, म्हणजे सहज न दिसणारा पातळ पारदर्शक बर्फ, असणार असंच धरून चाला. दुपारी बर्फाच्या ढिगातून वितळलेलं पाणी रस्त्यावर आडवं वाहत येतं आणि रात्री तिथेच गोठतं, त्यामुळे अख्खा रस्ता कोरडा आणि मध्येच एक पट्टा काचेसारखा. पूल आधी गोठतात कारण त्यांच्या खालूनही वारा लागतो. लाकडी बोर्डवॉक, उंच बिल्डिंगच्या सावलीतला कोपरा, उड्डाणपुलाखालचा भाग, इथे दहा वाजेपर्यंतसुद्धा बर्फ राहतो. ओळखायचं कसं? रस्ता ओला चकाकतोय पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही, बर्फ आहे.

त्यावर गेलातच तर ब्रेक नाही, हँडल वळवायचं नाही, पॅडलवर जोर नाही, सरळ जसे चाललात तसे जाऊ द्या.

इथे आपल्या लोकांचा एक खास घोटाळा होतो. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, आणि कॅनडा-अमेरिकेत उजव्या हाताला मागचा, डाव्या हाताला पुढचा. पुण्यात किंवा नाशकात वीस वर्षं सायकल चालवलेला माणूस घाबरला की हात जुन्या सवयीनेच चालतात, आणि निसरड्यावर पुढचं चाक लॉक झालं की माणूस क्षणात खाली. नवीन आला असाल किंवा आईबाबा उन्हाळ्यासाठी आलेत आणि त्यांना सायकल देताय तर रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दहा मिनिटं फक्त ब्रेकची प्रॅक्टिस करून घ्या. शिवाय इथे उजवीकडून चालवायची, म्हणजे मागे वळून बघायचं ते डाव्या खांद्यावरून, तेही अंगवळणी पडायला वेळ लागतो.

खिळ्यांचे टायर लावले असतील तर पहिल्या ऊबदार आठवड्यात काढून टाकू नका. कोरड्या रस्त्यावर ते आवाज करतात, जड चालतात, वैताग येतो हे खरं, पण रात्रीचं तापमान सलग शून्याच्या वर राहायला लागलं की मगच काढा.

खड्डे तर काय, पाणी फटीत जातं, गोठून फुगतं, डांबर उचकटतं. डबक्यातून कधी जाऊ नका, खाली वीतभर खड्डा असू शकतो. वळणावर हिवाळ्यात टाकलेली वाळू-खडी साचलेली असते, तिथे वेग आधीच कमी करा, वळता वळता नाही. आणि क्वीन, किंग, कॉलेज या रस्त्यांवर स्ट्रीटकारचे रूळ ओले असताना साबणासारखे होतात, ते जमेल तितके काटकोनात ओलांडा. मोठा खड्डा दिसला तर शहराच्या ३११ नंबरवर कळवा, मी कळवते नेहमी, दोन मिनिटांचं काम आहे आणि मागून येणाऱ्या कोणाचं तरी हाड वाचतं.

कपडे

हवामानाच्या अ‍ॅपवर ५ डिग्री दिसतं पण ३० च्या वेगाचा वारा लागला की अंगाला ते शून्यासारखं लागतं, आणि सायकलवर आपण स्वतःच वारा तयार करत असतो. म्हणून मग लोक स्नोचं जाडजूड जॅकेट घालतात, त्याच्या आत सुती बनियन, आणि पंधरा मिनिटांत घामाने चिंब. सुती कपडा घाम धरून ठेवतो, मग सिग्नलला थांबलं की हुडहुडी भरते. आत मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये एक पातळ फ्लीस, वर वारा अडवणारं हलकं जॅकेट, एवढं पुरतं. निघताना पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलंच पाहिजे, घरातून निघतानाच ऊबदार वाटलं तर कपडे जास्त झालेत.

बोटं, कान आणि गुडघे मात्र झाका. पाय गार पडतात म्हणून दोन-दोन मोजे घालून बुटात पाय कोंबला तर रक्त पोचत नाही आणि पाय अजूनच गार पडतो, त्यापेक्षा एकच लोकरीचा मोजा आणि बुटावरून कव्हर. स्कार्फची टोकं जॅकेटच्या आत.

लेकच्या कडेने जाणार असाल तर एक जादा थर बरोबर ठेवा. एप्रिलमध्ये लेक ऑन्टारिओचं पाणी अजून बर्फगार असतं, वारा तिकडून आला की ब्रॅम्प्टनला १५ असताना मार्टिन गुडमन ट्रेलवर ७-८ वाटतं. आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना वारा पाठीशी घ्या. उलटं केलंत तर घामेजलेल्या अंगाने गार वारा खात परत यावं लागतं.

खायला बरोबर काहीतरी पाहिजेच. एनर्जी बार थंडीत दगड होतात, चिक्कीचंही तेच, राजगिऱ्याचा किंवा रव्याचा लाडू मस्त चालतो. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका.

दिवे, बॅटरी

घड्याळं पुढे गेल्यामुळे मार्चच्या मध्याला सकाळी साडेसातपर्यंत सूर्य उगवत नाही, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी उजेडात ऑफिसला जाणारा माणूस परत अंधारात. ऑन्टारिओत सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर लागतोच, घंटीसुद्धा लागते. थंडीत दिव्याची बॅटरी लवकर उतरते तेव्हा रोज चार्ज करा.

ई-बाईकवाल्यांनी बॅटरी रात्री घरात आणा. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावली तर ती कायमची खराब होऊ शकते, आधी तासदोन तास घरात तिला नॉर्मल होऊ द्या आणि मगच चार्जर लावा. रेंज उन्हाळ्यापेक्षा कमीच मिळणार, त्या हिशोबाने लांबचा बेत करा.

हे झालं तर काय करायचं

पॅडल मारतोय पण चाक फिरतच नाही, पॅडल नुसतं मोकळं फिरतंय: फ्रीहबमधलं (मागच्या हबचा, कॅसेट बसते तो भाग) ग्रीस थंडीने घट्ट झालंय किंवा आत पाणी गोठलंय. घरात आणून गरम होऊ द्या, उकळतं पाणी ओतू नका. परत परत झालं तर हब उघडून साफ करून पातळ ग्रीस घालून घ्या.

डिस्क ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही: डिस्कवर ऑइल किंवा मिठाचा थर आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने डिस्क पुसा, तरी नाही गेलं तर पॅड ऑइल प्यायलेत, ते बदलाच. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर रबर घासणारा) असेल तर रबरात अडकलेले धातूचे कण टोकाने काढा, नाहीतर ते रिम खातात. ओल्यात रिम ब्रेक उशिरा लागतो, म्हणून थांबायच्या बरंच आधी हलकेच दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्यायचं.

गुडघा दुखतो: बहुतेक वेळा सीट खाली आहे किंवा पहिल्याच रविवारी ६० किलोमीटर मारले. ट्रेनरवर कितीही घाम गाळला असला तरी बाहेर वारा, खड्डे, तोल सांभाळणं हे सगळं वेगळं असतं, पहिले दोन-तीन आठवडे छोट्या फेऱ्या, हलका गिअर.

पाठीवर चिखलाचा पट्टा येतो: मडगार्ड लावा. गावाकडच्या काळ्या सायकलींना चांगले लांबरुंद मडगार्ड असायचे, इथल्या स्पोर्टी सायकलींना नसतात आणि या दोन महिन्यांत त्यांची सगळ्यात जास्त गरज असते. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा ठेवा, नाहीतर ओला बर्फ त्यात भरून चाकच जाम होतं.

आणि डॉन व्हॅलीतून जाणार असाल तर आदल्या दिवशी पाऊस झालाय का ते बघून घ्या. बर्फ वितळण्याच्या दिवसांत जोराचा पाऊस झाला की डॉन नदी ट्रेलवर येते, आणि पाणी ओसरल्यावरही खाली चिखलाचा बुळबुळीत थर राहतो, तो साफ होईपर्यंत वरच्या रस्त्याने गेलेलं बरं.