टेबलाखालच्या वायरी पावसाआधी आवरा

रत्नागिरी-मालवणकडे घरून काम करत असाल तर एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवूच नका. पावसाळ्यात लादीला ओल सुटते, खाऱ्या हवेने पितळी पिना हिरवट पडतात. बोर्ड टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने बसवा. मग भिंतीकडे एकच वायर जाते. तिला सॉकेटच्या खाली थोडा झोल द्या, म्हणजे भिंतीवरून ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकतं. बाकीच्या वायरी वेल्क्रो पट्टीने सैल बांधा. सुंभ नको, तो ओल धरतो. चार्जर मात्र गुंडाळीत कोंबू नका, तापतो. प्रत्येक पिनेजवळ चिकटपट्टीवर नाव लिहा. मे अखेरीस लांबवर गडगडू लागलं की मॉनिटर, राउटर चटकन ओळखून काढता येतात. इंटरनेटची वायर तांब्याची असेल तर तीही काढा, विजेचा झटका तिच्यातूनही येतो.