रॅम गेली की स्लॉट?

लॅपटॉपमध्ये रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत आणि विंडोज चारच दाखवतंय, अशी तक्रार घेऊन लोक नाशिकच्या सिडकोत माझ्याकडे येतात तेव्हा निम्मे जण आधीच एमजी रोडवर नव्या रॅमची चौकशी करून आलेले असतात. बाबांनो, आधी गुन्हेगार कोण ते तरी ठरवा. पट्टी गेली असेल तर नवी घ्या. स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची जागा, गेला असेल तर नवी पट्टीही तिथे मुकीच बसणार.

खोलण्याआधी बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंगची स्क्रीन, बघा. सुरू करताना एफ२ दाबा. काही कंपन्यांना एफ१० किंवा डिलीट लागतं. तिथे आठ दिसत असतील तर दोष विंडोजचा. ३२ बिटचं विंडोज असेल तर ते चारच्या वर जात नाही. ६४ बिटचं असेल तर विंडोजच्याच एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत, बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’ला टिक आहे का बघा, असेल तर काढा. बायोसही चारच म्हणत असेल तर स्क्रूड्रायव्हर घ्या.

चार्जर काढा, बॅटरी काढा. बॅटरी आत बसवलेली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. मग पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा. नाशिकच्या थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढी स्टॅटिकही रॅमला बाधू शकते. स्वेटर आधीच काढून ठेवा आणि पट्टीला हात लावण्याआधी धातूच्या नळाला हात लावा.

आता खरी परीक्षा. पट्ट्यांवर पेन्सिलीने अ आणि ब लिहा. एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये. अशा चार जोड्या होतात. प्रत्येक वेळी बॅटरी सोडवून बदला आणि निकाल कागदावर टिपा. डोक्यात ठेवाल तर तिसऱ्या जोडीला गोंधळ होतो. ‘ब’ दोन्हीकडे अडली, म्हणजे लॅपटॉप सुरू झाला नाही किंवा रॅम दिसली नाही, तर ‘ब’ गेली. दुसऱ्या स्लॉटमध्ये दोन्ही अडल्या तर स्लॉटवर संशय. पण काही मॉडेलांना एकटी पट्टी ठरावीक स्लॉटमध्येच लागते, म्हणून एक चांगली पट्टी पहिल्यात ठेवून दुसरा पुन्हा तपासा.

संशय आला म्हणून स्लॉट मेलाच असं नाही. दिंडोरीकडून द्राक्षबागायतदारांचे लॅपटॉप येतात, त्यांच्या स्लॉटमध्ये बागेतली बारीक धूळ बसलेली असते. पट्टीच्या सोनेरी टोकांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कीस झटकून टाका. स्लॉटमध्ये मात्र खोडरबर नको, टाचणी तर नकोच. मऊ ब्रशला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून झाडा आणि पूर्ण वाळू द्या. मोबाईलचा कॅमेरा झूम करून एखादी पिन वाकलेली दिसते का तेही बघा. पट्टी खाचेला खाच जुळवून तिरकी, शेवटपर्यंत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ वाजल्या पाहिजेत. कितीतरी ‘मेलेले’ स्लॉट निव्वळ अर्धवट बसलेल्या पट्टीमुळे मेलेले असतात.

आठ दिसू लागले तरी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. गार असताना ठीक आणि तापल्यावर रॅम गायब, असं होत असेल तर बहुधा स्लॉटच्या सोल्डरला तडा असतो. ते मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्याचं काम. हेअर ड्रायर, इस्त्री वगैरे व्हिडिओतले प्रयोग घरी करू नका. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटमध्ये असतो, आणि रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर त्याच्याच पोटात. तो नीट बसला नसेल तरी स्लॉट बंद पडतो. नुकताच कुणी पंखा साफ करताना प्रोसेसर काढला असेल तर हे आठवा.

एवढं करूनही स्लॉट बोलला नाही, तर स्लॉट बदलण्याच्या खर्चात पडू नका, असं माझं मत. चांगल्या स्लॉटमध्ये एकच ८ जीबीची पट्टी घाला. ड्युअल चॅनल, म्हणजे दोन पट्ट्या एकत्र चालून मिळणारा जादा वेग, जातं, गेम खेळणाऱ्याला ते जाणवेल. टायपिंग आणि टॅलीला फरक पडत नाही. फक्त जुन्या पट्टीचं लेबल वाचा: पीसी३ म्हणजे १.५ व्होल्ट, पीसी३एल म्हणजे १.३५. चौथ्या पिढीच्या मशीनला एल असलेलीच घ्या. दुकानात लॅपटॉप सोबत न्या आणि बायोसमध्ये ८१९२ (एमबी, म्हणजेच ८ जीबी) दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.