घरी एकच काम द्या: विशेष गरजा असणाऱ्या मुलांच्या पालकांसोबत काम करताना

शाळेचा फोन आला की पालक तक्रार ऐकायच्या तयारीनेच येतात. "आता काय केलं याने?" हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. म्हणून विशेष शिक्षकांनी पहिली भेट कागदपत्रांनी सुरू करू नये. मूल उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःहून काय काय करतं, ते क्रमाने विचारा आणि लिहून घ्या. अर्धा तास तरी मोकळा ठेवा. दिवसभर आजी सांभाळत असेल तर तिलाही बोलवा. मूल स्वतः जेवावं असं आपण आईला सांगतो, पण भरवायला ताट घेऊन बसते ती आजी.

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या शिक्षणाच्या योजनेत, उद्दिष्टं बरीच असतात, घरी मात्र त्यातलं एकच द्या. चार-पाच कामं दिली की आठवड्याभरात सगळीच सुटतात. मग पालकांना अपराधी वाटतं आणि ते शाळेत यायचंच टाळतात. हे नुकसान फार मोठं आहे.

समजा, शर्टाची बटणं लावणं हे काम ठरलं. वडिलांचा मोठ्या बटणांचा जुना शर्ट किंवा कोट टेबलावर पसरा, अंगात घालायची घाई नको. शिकवायचं शेवटच्या पायरीपासून. बटण काजातून अर्धं बाहेर पालकांनी काढायचं, मुलाने फक्त ओढून घ्यायचं. ते जमलं की बटण काजात ढकलायचं कामही मुलाकडे द्या. काज धरून बटण जुळवणं सगळ्यात शेवटी. असं केलं की प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातूनच पूर्ण होतं आणि ते पुन्हा करायला तयार होतं. रोज पाच मिनिटं पुरतात. वेळ संध्याकाळी गणवेश बदलतानाची ठेवा. सकाळी रिक्षा दारात उभी असताना कोणतीही आई बटणं स्वतःच लावून टाकणार.

नोंदीसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. मुलाने स्वतः केलं तर बरोबरची खूण, हात धरून केलं तर टिंब, राहून गेलं तर चौकट कोरी. सलग पाच दिवस बरोबरची खूण आली की पुढची पायरी घ्या. दोन आठवडे नुसती टिंबंच दिसली तर पायरी मोठी झाली किंवा काज घट्ट आहे असं समजा आणि काम आणखी सोपं करा. चौकटी कोऱ्या असतील तर जाब विचारू नका, वेळ बदलून द्या.

कागदपत्रांसाठी वेगळी भेट ठेवा. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर भरताना पालकांच्या शेजारी बसा. आधी आधार कार्ड आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव व जन्मतारीख ताडून पाहा, कारण इथली तफावत पुढे प्रत्येक अर्जात आडवी येते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. दहावीला लेखनिक (मुलाच्या वतीने उत्तरं लिहिणारी व्यक्ती) किंवा जादा वेळ लागणार असेल तर त्याची तयारी नववीतच सुरू करा. परीक्षा तोंडावर आल्यावर प्रमाणपत्रासाठी धावाधाव सुरू होते आणि हाल मुलाचे होतात.

एक गोष्ट बहुतेक पालकांना कुणी सांगितलेली नसते: मूल 18 वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. वर सांगितलेल्या चार प्रकारांत, गरज असेल तर, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. मुलाच्या सतराव्या वाढदिवसाची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर आजच लिहा आणि त्या महिन्यात पालकांना फोन करा.