मातृवंशाचा रिपोर्ट हाती आला? केतेवान राणीला मध्ये आणू नका, आणि या चुका टाळा

उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी फोंड्याच्या आसपास कुणी लाळेची नळी कुरिअरनं पाठवून डीएनए चाचणी केली की रिपोर्ट घेऊन माझ्याच सोप्यावर हजर होतो. चुका त्याच त्या. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जुन्या गोव्यात सापडलेल्या राणी केतेवानच्या अवशेषांचा काही भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला, तेव्हापासून तर त्यांना ऊतच आलाय. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. यापुढे कुणी आलं की ही लिंक पाठवणार.

"डीएनएनं सिद्ध झालं" असं म्हणणं

जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की "इथली हाडं केतेवान राणीचीच, डीएनएनं सिद्ध झालं" हे वाक्य हमखास कानावर येतं. आधी गोष्ट नीट ऐका. केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेतीची राणी. पर्शियाच्या शाह अब्बासनं तिला शिराझमध्ये वर्षानुवर्षं डांबून ठेवलं आणि धर्म सोडत नाही म्हणून १६२४ मध्ये हालहाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये ते गोव्यात आणून जुन्या गोव्याच्या मोंते सांतो टेकडीवरच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवले. पुढे १८३५ मध्ये हे कॉन्व्हेंट ओस पडलं, १८४२ मध्ये चर्चचं छत खाली आलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. जांभ्याच्या त्या ढिगाऱ्यात हाडं शोधायची तर कुठं? जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत जागेचं वर्णन होतं, सभागृहातल्या दुसऱ्या खिडकीपाशी. त्या माहितीवरून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं, हाडं मिळाली, आणि ती हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेकडे गेली.

एका हाडात यू१बी ही मातृशाखा निघाली. मातृशाखा म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या, पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएवरून ओळखायची शाखा. भारतातल्या २२,००० हून अधिक नमुन्यांत ती एकदाही दिसली नव्हती. जॉर्जियातले ३० जण तपासले, त्यात दोघांकडे ती होती. तिथंच मिळालेल्या इतर हाडांतल्या मातृशाखा मात्र भारतीय वळणाच्या निघाल्या.

यातून एवढंच कळतं की त्या हाडाच्या धन्याच्या आईची आई, तिची आई ही रांग भारतातली नव्हती. यापुढचं डीएनए बोलत नाही. यू१ ही पश्चिम आशिया, कॉकेशस आणि भूमध्य सागराच्या काठानं विरळ विखुरलेली शाखा आहे. सतराव्या शतकातलं गोवा म्हणजे बंदर. तिथं पोर्तुगीज होते, आर्मेनियन व्यापारी होते, इराणी होते. हाड कुठंतरी भलत्याच कोपऱ्यात सापडलं असतं तर यू१बी दाखवून कुणालाही "राणी" म्हणता आलं नसतं. कागदानं सांगितलेली जागा आणि हाडानं सांगितलेली शाखा यांची गाठ पडली, म्हणून निष्कर्षाला वजन आलं. आणि तरीही 'मायटोकाँड्रियॉन' या नियतकालिकात आलेल्या त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच 'बहुधा' आहे. शास्त्रज्ञांनी घातलेला 'बहुधा' वर्तमानपत्रांनी गिळला आणि गाइडनी पचवला.

माझी सवय सांगतो. कुणी "सिद्ध झालं" म्हणालं की मी आधी विचारतो, हाड सापडलं कुठं? अक्षराचं नंतर बघू.

तीसांतल्या दोघांवरून टक्केवारी काढणं

"जॉर्जियातले सात टक्के लोक राणीचे नातेवाईक" असं वाक्य एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात वाचलं. ३० जणांच्या नमुन्यात एक माणूस इकडचा तिकडे झाला तरी आकडा निम्म्यावर येतो किंवा दीडपट होतो. शिवाय एकाच शाखेतल्या दोन माणसांची सामाईक आजी हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. त्याला नातं म्हणायचं तर मग आपण सगळेच सोयरे.

पहिलं अक्षर जुळलं की नाचायला लागणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

डिचोलीकडचा एक मुलगा, वेर्ण्याला नोकरी. चतुर्थीच्या आधी संध्याकाळी आला, मागे स्कूटरवर आत्या. मोबाइलवर रिपोर्टचं पहिलं पान उघडलेलं: रंगीत नकाशा, कॉकेशसमधून निघून कोकणात उतरणारा जाडजूड बाण. "सर, आम्ही केतेवानच्या घराण्यातले. यू आलाय." चतुर्थीला सगळं घराणं जमणार होतं, तेव्हा लावायला फ्लेक्ससुद्धा करायला टाकला होता, त्यावर राणीचं चित्र. आत्या म्हणाल्या, "आमच्यात सगळ्यांचे डोळे घारे आहेत ते उगाच नव्हे, मास्तर."

मी म्हटलं, चौथं पान उघड. नकाशा सोडून पुढं गेलाच नव्हता तो. चौथ्या पानावर बारीक अक्षरात होतं: यू२बी.

यू ही फार मोठी, फार जुनी शाखा आहे. यू५ म्हणजे युरोपातले जुने शिकारी, यू६ उत्तर आफ्रिकेत, यू७ इराणपासून गुजरातपर्यंत, आणि यू२ए, यू२बी, यू२सी या तर आपल्या उपखंडात हजारो पिढ्या मुरलेल्या. रशियात कोस्तेंकी इथं मिळालेल्या सुमारे ३७,००० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाडांत यू२ सापडला आहे. म्हणजे यू१ आणि यू२ यांच्या वाटा त्याच्याही आधी वेगळ्या झालेल्या. नुसतं 'यू' बघून जॉर्जिया गाठणं म्हणजे पाकिटावर 'फोंडा' एवढंच लिहून पत्र कुणाच्या तरी परसात पोचेल अशी वाट बघणं. पुढचे आकडे आणि अक्षरं वाचल्याशिवाय पत्ता लागत नाही.

घाऱ्या डोळ्यांचं उत्तर तर सोपं. मायटोकाँड्रियाच्या डीएनएत फक्त ३७ जनुकं असतात, आणि ती सगळी पेशीच्या ऊर्जेच्या कारखान्यात राबतात. डोळे, रंग, नाक, उंची यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

पण खरी गंमत आत्यांची होती. मातृवंश आईकडूनच येतो. मुलाला जे आलं ते त्याच्या आईचं, आजोळच्या आजीचं. आत्या ही वडिलांची बहीण. त्या शाखेत ती येतच नाही. राणी खरोखर त्यांच्या घरात उतरली असती तरी फ्लेक्सवर आत्यांऐवजी मावशीचा फोटो लावावा लागला असता. हे सांगितल्यावर आत्यांचा चेहरा असा झाला की मी चहाचं निमित्त करून आत गेलो.

आपल्या मराठीत नाती इतकी नेमकी वेगळी केलेली असताना ही चूक होते कशी, याचंच मला नवल वाटतं. मावशी आणि मावशीची मुलं: तुमचीच शाखा. मामाची शाखा तुमचीच, पण मामाच्या मुलांची नाही, ती मामीची. आत्या, काका, चुलत भावंडं: विसरा. हा हिशेब पाठ करा, निम्मे फ्लेक्स वाचतील.

राणीची शाखा म्हणजे राजघराण्याची शाखा, असं समजणं

केतेवान जन्मानं मुखरानीच्या बाग्रातिओनी घराण्यातली, वडील आशोतान. पण यू१बी तिला वडिलांकडून आलेला नव्हे, आईकडून आलेला. म्हणजे या हाडावरून बाग्रातिओनींचा वंश ओळखता येत नाही. तिचा मुलगा तैमुराझ पुढे राजा झाला. त्याच्या अंगात आईची शाखा होती, पण ती त्याच्यापाशीच थांबली. आज कुणी तैमुराझचा वंशज असल्याचं कागद दाखवून सिद्ध केलं तरी त्या वाटेनं त्याच्यात यू१बी येणार नाही.

गोत्र, कुळावी (कुलदेवतेला बांधलेली घराणी), देवळाच्या महाजनांच्या याद्या हे सगळं बापाकडून चालतं. मातृवंशाच्या रिपोर्टला गोत्राची शेपटी जोडू नका.

आईकडचा आर आणि बापाकडचा आर एक करणं

गोवा, कुमटा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिक समाजावरचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात ४० टक्क्यांहून अधिक पितृवंश आर१ए गटातले निघाले. लगेच मातृवंशात आर५, आर६ मिळालेली मंडळी "आम्हीही त्यातलेच" म्हणून पुढं सरसावली. आर१ए हा वाय गुणसूत्राचा, बापाकडून मुलाकडे जाणारा. मातृवंशातला आर वेगळ्याच झाडाचा, त्याच्या आर५, आर६, आर३० वगैरे फांद्या भारतात जुन्या. दोन झाडांना नावं देताना शास्त्रज्ञांनी तीच इंग्रजी मुळाक्षरं वापरली, एवढंच.

'म्युटेशन' वाचून डॉक्टरकडे धावणं

रिपोर्टातला फरकांचा तक्ता एका ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून बनतो. केंब्रिजमध्ये १९८१ साली वाचलेला आणि १९९९ मध्ये दुरुस्त केलेला हा नमुना एका युरोपीय शाखेतला आहे. तुमच्यात आणि त्यात फरक असणारच. भारतीय माणसात ते जास्तच दिसतात. तो आजार नव्हे.

'दुर्मीळ' हा शब्द मिरवणं

शाखा दुर्मीळ असते की तिचे लोक तपासलेले नसतात, हे आधी बघा. कंपन्यांच्या यादीत युरोप-अमेरिकेतलं गिऱ्हाईक भरमसाट, काणकोण-सत्तरीतलं नगण्य. भारतात निम्म्याहून जास्त लोक एम या मातृशाखेच्या पोटशाखांत येतात, तरी त्यातली एखादी पोटशाखा परदेशी यादीत 'अतिदुर्मीळ' म्हणून झळकते. दुसऱ्या दिवशी तिच्या धन्याचा व्हॉट्सॲपवरचा डीपी बदललेला बघायचा.

उलट बाजूही आहे. आज जिथं एखादी शाखा जास्त आढळते तिथंच ती जन्मली असं नसतं. एक्स ही शाखा गॅलिलीच्या द्रुझ लोकांत दाट सापडते, आणि तिची एक फांदी थेट उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींत. लहान, आपापसांत लग्नं करणाऱ्या समाजात एखादी दुर्मीळ शाखा टिकून राहते, कधी योगायोगानं वाढतेही.

कागद न शोधता किट मागवणं

ही घाईवाल्यांची चूक. पैसे भरले, थुंकलं, सहा आठवड्यांत राजवंश. आईच्या आईचं माहेरचं नाव विचारलं तर वर बघतात. आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, नावही बदलायची पद्धत. दोन पिढ्यांत आजीचा माग पुसला जातो.

मी आलेल्या प्रत्येकाला आधी वही घ्यायला लावतो. आई, आजी, पणजी. प्रत्येकीचं माहेरचं नाव, गाव, वाडा. मावशा जिवंत असतील तर आजच फोन. मग जन्माचा तेओर, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीचा उतारा, काढा. पोर्तुगीज पासपोर्टसाठी लोक तो काढतातच. त्या काळातल्या जन्मनोंदीत आईवडिलांबरोबर आजी-आजोबांचीही नावं असतात. त्याहून मागं जायचं असेल तर पणजीतलं पुराभिलेख खातं आहे, ख्रिस्ती घर असेल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आहेत. हस्ताक्षर वाचता वाचता डोळे जातात, पण हाती येतं ते नाव असतं, बाण नव्हे.

एवढं करून हौस उरली तर किट मागवा. चार भावंडांनी चार नका मागवू, एकाच आईची लेकरं. उत्तर एकच येणार. आणि स्वस्तातली, थोडाच तुकडा वाचणारी चाचणी घेऊ नका. मायटोकाँड्रियाच्या डीएनएची पूर्ण १६,५६९ अक्षरं वाचणारी घ्या, नाहीतर यू१ आहे की यू२ हे सांगायला परत माझ्याच सोप्यावर याल.